डोळे शेवटी

महालिंग आरवाडे यांनी उभ्या आयुष्यात एकाही जिवंत माणसाचं चित्र काढलं नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मिरजेत त्यांचं लहानसं दुकान होतं. तिथं येणारं गिऱ्हाईक बोटभर फोटो घेऊन यायचं: गेलेल्या माणसाचा पासपोर्टसाठी काढलेला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून घेतलेला. त्यावरून अप्पा हातभर उंचीचं तैलचित्र करायचे, भिंतीवर हार घालून लावण्यासाठी. संगणकानं तो धंदा केव्हाच गिळला होता. तरी अप्पांकडे माणसं येत राहिली, कारण त्यांची एक रीत होती. ते डोळे शेवटी काढायचे. चेहरा, केस, फेटा, साडीचा काठ, सगळं झालं की चित्रावर कापड टाकायचं आणि घरच्यांना निरोप धाडायचा. घरचे समोर बसले की कापड बाजूला सारून अप्पा डोळे भरायचे आणि मग सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवायचे. याला ते 'डोळे उघडणं' म्हणत. तोवर ते चित्र म्हणजे त्यांच्या लेखी मढं, आणि मढ्याचं तोंड झाकलेलंच बरं.

अशा माणसाच्या पोटी शांभवी जन्मली, आणि काढायला लागली काय, तर चिबी. ज्यांच्या घरात शाळकरी पोरं नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. चिबी म्हणजे अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनांतल्या, पात्रांचं बुटकं, गुबगुबीत रूप. अर्धं अंग म्हणजे डोकं, अर्धा चेहरा म्हणजे डोळे, नाक असलंच तर टिंबाएवढं, हातपाय नावाला. तलवार घेतलेला सामुराई असो की शिंगं फुटलेला राक्षस, चिबी झाला की उचलून मांडीवर घ्यावासा वाटतो. स्टिकर, कीचेन, लग्नपत्रिकेवरचे चिबी नवरा-नवरी, असं करत शांभवीनं पुण्यात बऱ्यापैकी बस्तान बसवलं होतं. अप्पा तिची चित्रं दोन बोटांत धरायचे, ओलं फडकं धरावं तशी.

"बटाट्याला डोळं फुटल्यागत दिसतंय," ते म्हणायचे. "आन् काढायचं तर काढ, पर जित्या माणसांचं कशाला? जितं माणूस चित्रात बसवू नये."

"मग काय मेल्यावर काढू?"

"त्यो माझा धंदा हाय."

एक गोष्ट मात्र तिनं बापाकडून कुणी न शिकवता उचलली होती. तीही डोळे शेवटी काढायची. फरक एवढाच, की तिच्याकडे डोळ्यांच्या चार-पाच जोड्या तयारच असायच्या. त्यातली एक उचलायची आणि चेहऱ्यावर बसवायची. चिबीत सगळ्यांचे डोळे सारखेच गोड असतात, कोण कशाला तपासायला बसतंय.

मग काचबिंदूनं अप्पांचेच डोळे नेले. या आजारात डोळा वरून धड दिसतो, पण डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस मरून जाते. वायरच जळाली तर बल्ब बदलून उपयोग नसतो. मिरजेतल्या एका इस्पितळात जी नवी सोय सुरू झाली होती ती म्हणूनच डोळ्याला हात लावत नव्हती. चष्म्यात कॅमेरा बसवायचा, आणि कवटीच्या मागच्या बाजूला, मेंदू जिथं दृश्याचा अर्थ लावतो तिथं, नखाएवढी चकती. चकतीवर केसाहून बारीक अशा हजारभर सुया. एका सुईतून वीज गेली की माणसाला अंधारात एक ठिपका चमकलेला दिसतो. हजार सुया म्हणजे हजार ठिपके, आणि त्या ठिपक्यांवर जग उभं करायचं, अंगणात रांगोळी काढतात तसं.

दारं, पायऱ्या, ताट-वाटी एवढं त्या ठिपक्यांत भागत होतं. अडत होतं ते माणसांच्या चेहऱ्यापाशी. खऱ्या चेहऱ्यात इतक्या छटा असतात की एवढ्याशा ठिपक्यांत त्यांचा नुसता चिखल व्हायचा. जगभरच्या शहाण्या माणसांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या आणि शेवटी सगळे येऊन थांबले ते चिबीपाशी. मोठं डोकं, मोठे डोळे, मोजक्या रेषा, बाकी सगळं गाळलेलं. तेवढं मात्र ठिपक्यांत स्वच्छ उमटायचं. मग असं ठरलं, की कॅमेऱ्यानं समोरचा माणूस ओळखायचा आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी त्याचं साठवलेलं चिबी दाखवायचं.

"तुमच्या ओळखीत असं चित्र काढणारं कुणी आहे का?" डॉक्टर तबस्सुम मुजावर यांनी विचारलं, तेव्हा शांभवीची आई, इंदुमती, पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिली. अप्पा हसले नाहीत.

शांभवीनं आईचं काढलं, स्वतःचं काढलं, शेजारच्या दोन घरांतली माणसं काढली, दुकानात येऊन बसणारे अप्पांचे दोस्त काढले. मग बसवणी झाली. बसवणी म्हणजे प्रत्येक चित्राची एकेक रेष सुयांमधून पाठवून मेंदूला तिची ओळख पटवायची. तासन् तास चालणारं काम. ते उरकलं आणि इंदुमती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

अप्पांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "इंदे," ते म्हणाले, "लई गुबगुबीत झालीस की गं."

ते वर्ष फार चांगलं गेलं. अप्पा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावानं हाका मारायचे आणि कुणाचं चिबी कसं दिसतं ते रंगवून सांगायचे. शांभवी आली की तेवढं पूर्वीसारखंच ठेवणीतलं वाक्य, "आला काय आमचा बटाटा." पण ते म्हणताना तोंड वर करून तिच्याकडे बघायचे. ती कॉलेजात चित्रकलेला गेली तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पुण्याला परतताना गाडीत ती त्या नजरेचाच विचार करत बसायची.

बिघाड सुरू झाला तो असा, की एका सकाळी अप्पा म्हणाले, "आज सगळी डोळं मिटून का फिरायलाईसा?"

कुणी डोळे मिटले नव्हते. दोन दिवसांनी ते म्हणाले, मिटलेलेही नाहीत. मिटलेल्या डोळ्याला पापणीची रेघ असते. इथं सपाट आहे. इंदुमतीचा गोल चेहरा, कपाळावर टिकली, केसांचा भांग, हसरी जिवणी, सगळं जागच्या जागी, आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. आणि ते तोंड हलत होतं, चहा घेता का म्हणून विचारत होतं.

पन्नास वर्षं ज्या चेहऱ्यांवर या माणसानं कापड टाकलं, तसलाच चेहरा आता त्यांच्या घरात हिंडू लागला होता. शेजारीही तसेच, दोस्तही तसेच. अप्पांनी दारात बसणं सोडलं. मग जेवण सोडलं. शांभवी पुण्याहून आली त्या दुपारी इंदुमती नवऱ्यापुढं ताट घेऊन बसली होती. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, चाचपडत पुढं झाले, आणि तो तिच्या तोंडावरून घातला. चांगला नीट, कडा सारख्या करून, दुकानात चित्रावर घालायचे तसा.

इंदुमती हलली नाही. टॉवेलाआडून तिनं विचारलं, "आता जेवशीला?"

"आवाज इंदीचा येतोय," अप्पा शांभवीला म्हणाले. त्यांनी टॉवेलाची कड पुन्हा सारखी केली. "पर बोलतंय कोण?"

त्या दिवसापासून इंदुमती त्यांच्या पाठीमागं बसून, खांद्यावरून हात पुढं करून घास भरवू लागली. खोलीत शिरताना पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची, आणि दारापर्यंत परत येऊन तो मागं सारायची. शांभवीनं ते पाहिलं.

डॉक्टर मुजावरांनी तपासणी केली. चकतीभोवती मेंदू व्रणाची साय धरत होता. परकी वस्तू दिसली की शरीर हेच करतं, दुसरं त्याला येत नाही. सायीखाली गेलेली सुई मुकी होते. हजारातल्या बऱ्याचशा मुक्या झाल्या होत्या आणि उरलेल्याही त्याच वाटेवर होत्या.

"पण डोळेच का?" शांभवीनं विचारलं. "आधी डोळेच का गेले? आणि सगळ्यांचेच?"

डॉक्टरांनी पडद्यावर इंदुमतीचं चित्र रेषारेषानं उघडलं. "ठिपके कमी पडले की यंत्र एकेक रेष गाळतं. शेवटी काढलेली रेष आधी गाळायची, पहिली रेष शेवटपर्यंत ठेवायची. माणूस महत्त्वाचं असतं ते आधी काढतो, असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय. सगळे चित्रकार डोक्याचा गोल काढला की डोळ्यांवर येतात." त्या थांबल्या. "तुम्ही टिकली काढलीत, कानातलं काढलंत, साडीचा काठसुद्धा काढलात, आणि मग डोळे. असं का केलंत?"

शांभवीनं पडद्यावरच्या रेषांकडे पाहिलं. "आमच्याकडे डोळे शेवटीच काढतात," ती म्हणाली. "महत्त्वाचे असतात म्हणून."

तिचे स्वतःचेच हात तिला नकोसे झाले. कुणी शत्रूनं केलं नाही ते तिनं बापाची रीत पाळून केलं होतं.

"रेषांचा क्रम बदलून टाका. संगणकावर क्षणाचं काम आहे."

"संगणकावर आहे. मेंदूत नाही. पुन्हा बसवणी करावी लागेल, आणि सायीतून पोचायला वीज जास्त सोडावी लागेल. त्यात आणखी सुया जातील. एकदाच करता येईल, आणि एकाच चेहऱ्याची. आधीचं सगळं पुसून, दारं-पायऱ्यांसकट. आठ-दहा रेषा, बस. त्यातल्याही किती तगतील सांगू शकत नाही. तगल्या तर काही महिने, फार तर वर्ष."

"बंद करा," अप्पा म्हणाले. ते इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते. "डॉक्टरीणबाई, बंद करा त्ये. अंधारात इंदी माझी इंदी तरी असंल."

"अप्पा, एकदा बंद केलं की साय दाट होते. परत सुरू होणार नाही."

"नको हाय परत."

शांभवीनं त्यांचा हात धरला. आठ दिवस द्या, म्हणून ती अक्षरशः गयावया करू लागली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दवाखान्यात, चार माणसांदेखत. अप्पांनी हात सोडवून घेतला नाही, एवढंच काय ते उत्तर.

घरी आल्यावर इंदुमती तांदूळ निवडायला बसली. पुढ्यात सूप, नाकावर चष्मा. शांभवीनं टॅबलेट उघडला तशी ती मान वर न करता म्हणाली, "तुझं काढ."

"काय?"

"एकच तोंड बसतंय न्हवं? मग तुझं बसव. मला त्यांनी चाळीस वर्सं बघितलंया. तुला कुठं बघितलंय? तू ती चित्रं काढाय लागलीस तवापासनं त्या माणसानं तुझ्याकडं धड मान वर केली न्हाई. गेल्या साली केली, तर ह्ये असं झालं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "माझा आवाज पुरंल त्यास्नी."

शांभवीला ते हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं. त्या संध्याकाळी तिनं खरोखरच स्वतःचा चेहरा काढला, नऊ रेषांत, डोळे आधी. चांगला उतरला. चष्मा, वर बांधलेले केस, फुगलेले गाल. बटाटाच. अप्पा मान वर करून बघतील, आणि आणखी काही महिने म्हणतील, आला काय आमचा बटाटा. ती त्या चित्राकडे बघत बसली. तेवढ्यात आई अप्पांसाठी दूध घेऊन निघाली. दारापाशी थांबली, पेला एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि आत गेली.

शांभवीनं नऊ रेषांचं ते चित्र पुसून टाकलं.

पण आईचे डोळे काही उतरेनात. कोऱ्या पानावर, चेहरा नसताना, आधी डोळे काढायचे म्हटलं की हातच उचलेना. ज्या हाताला लहानपणापासून वाट पाहायची सवय, त्याला एकदम घाई कशी जमणार? जबरदस्तीनं काढले तर उमटायची तीच तयार जोडी, शेकडो स्टिकरांवर बसवलेली, सामुराईचीही आणि नवरीचीही. तेव्हा तिला कळलं, की मागच्या वेळी आईला तिनं डोळे दिलेच नव्हते. ठसा मारला होता. आणि वर्षभर अप्पा त्या ठशालाच इंदी म्हणत होते.

शेवटी तिनं अप्पांना विचारलं, "आईचे डोळे कसे आहेत हो?"

"मला काय ठावं. मी कधी काढलं न्हाईत."

"बघितले तर असतील."

"बघितलं. पर चित्र काढायच्या नजरेनं न्हाई बघितलं. मुद्दाम न्हाई बघितलं." अप्पांचा आवाज खाली गेला. "ज्येंचं ज्येंचं त्या नजरेनं बघितलं, ती सगळी भिंतीवर गेलीती, शांभे. हिला मी राखली." मग एकदम सावध होऊन त्यांनी विचारलं, "तू डोळं आधी काढाय लागलीस काय? तसलं करू नगंस. तोंड नसताना डोळं उघडायचं न्हाईत. मोकळ्या डोळ्यांत कुणी बी येऊन बसतंय."

"नाही अप्पा," शांभवी म्हणाली. "शेवटीच काढणार आहे."

बापाशी ती याआधी पुष्कळ भांडली होती. खोटं पहिल्यांदाच बोलली.

मग ती दिवसभर आईसमोर बसून राहिली. इंदुमतीनं तांदूळ निवडले, मेथी निवडली, दिव्याच्या वाती वळल्या, आणि लेक काय बघतीया म्हणून अवघडत राहिली. खाली बघून काम करणाऱ्या बाईचे डोळे दिसत कुठं असतात? दिसतात त्या पापण्या. शांभवीनं हाक मारली की आई वर बघायची, आणि वर बघताना डावी पापणी जरा आधी उघडायची, उजवी मागून. जणू एक डोळा विचारतोय काय गं, आणि दुसऱ्याला ते आधीच माहीत आहे. शांभवी या डोळ्यांपुढं वाढली होती आणि आज ते तिला पहिल्यांदा दिसले. तिथंच, मेथीच्या काड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, तिनं दोन डोळे काढले, डावा जरा आधी उघडलेला, उजवा मागून येणारा. एकेका डोळ्याला तीन रेषा. मग टिकली. मग चेहऱ्याचा गोल, दोन तुकड्यांत. मग भांग. एवढंच.

बसवणीला अप्पांना पालथं झोपवलं होतं. बाजूच्या पडद्यावर, त्यांच्या मेंदूत जे उमटत होतं ते शांभवीला दिसत होतं, काळ्यावर पांढरे ठिपके. पहिली रेष गेली. दुसरी. तिसरी. काळोखात एक डोळा उघडला. मग दुसरा.

अप्पांनी पलंगाची कड घट्ट धरली. "शांभे. ह्ये डोळं कुणाचं?"

"आईचे, अप्पा."

"तोंड कुठाय?"

"येतंय."

"तू आधी काढलंस."

"हो."

अप्पांनी कड सोडली नाही. टिकलीचा ठिपका उमटला. डॉक्टरांनी वीज वाढवली, आणि गोलाचा डावा तुकडा अर्ध्यापर्यंत येऊन थांबला. पुढच्या सुया बोलेनात. पुन्हा वाढवली, तर उजव्या डोळ्याची खालची रेष विझली. डॉक्टर मुजावरांनी हात मागं घेतला. "थांबूया," त्या हळूच म्हणाल्या. "आणखी केलं तर आहे तेही जाईल."

दोन डोळे, त्यातला एक उणा, टिकली, आणि हनुवटीकडे वळून तुटलेली एक कमान. एका माणसाचं एवढंच शिल्लक होतं.

अप्पांना उठवून खुर्चीत बसवलं, चष्मा घातला. इंदुमतीला आत बोलावलं. ती सवयीनं पदर हनुवटीपर्यंत ओढून आली आणि दारातच थबकली. शांभवीनं जाऊन तो पदर मागं केला.

पडद्यावर ठिपके जुळून आले. अप्पा बघत राहिले. समोरच्या बाईनं भीत भीत मान वर केली. खरी डावी पापणी उजवीच्या जरा आधी उघडली, आणि काळोखातल्या त्या पाच रेषांशी तिची अशी काही गाठ पडली की अप्पांच्या तोंडून श्वास बाहेर पडला.

"इंदे," ते म्हणाले. "उघडलंस व्हय डोळं."

"मिटलं कवा हुतं," इंदुमती म्हणाली.

अप्पा रडत होते. नसा मेल्या तरी डोळ्यांतलं पाणी कुठं थांबतं. मग त्यांनी हात पुढं पसरला. "साखर हाय काय कुणाकडं?"

नर्सबाईंनी चहाच्या कपाटातून साखरेची पुडी आणून दिली. अप्पांनी ती फाडली, चाचपडत डॉक्टरांच्या हातावर चिमूट ठेवली, नर्सबाईंच्या, इंदुमतीच्या. मग थांबले.

"शांभे, तू कुठायस? ये की म्होरं."

शांभवी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. चष्म्यातल्या कॅमेऱ्यानं तिला शोधलं, साठवलेल्या चेहऱ्यांत तपासलं. साठवलेला चेहरा एकच होता आणि तो तिचा नव्हता. बाजूचा पडदा काळा झाला. एक ठिपकासुद्धा उरला नाही.

अप्पांनी तिचा हात शोधून काढला, त्यावर साखर ठेवली, आणि तोंड वर केलं. बराच वेळ ते तसेच बघत राहिले.

"दिसतेय का मी?" तिनं विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"दिसतीस की," अप्पा म्हणाले. "न दिसायला काय झालंय? बटाट्याला डोळं फुटल्यागत."

शांभवीनं पडद्याकडे पुन्हा पाहिलं नाही. अप्पांना नीट बघता यावं म्हणून ती जराही न हलता उभी राहिली.